आलीच नाही

“सहा-चाळीसची गेली का हो, मावशी?”

“गेली नाही. आलीच नाही.”

आमच्या थांब्यावर सकाळी या दोनच उत्तरांची चलती असते. ‘गेली’ म्हटलं की जीव चुटपुटतो, पण राग येतो तो स्वतःचा. किल्ली शोधण्यात वेळ घालवला, गॅस बंद केला ना हे बघायला जिन्यातून परत फिरले, सगळं आठवतं. तरी ‘गेली’ या शब्दात एक दिलासा असतो. गाडी होती, चार माणसं घेऊन ती पुढं गेली, जग आपल्या जागी आहे, चुकलो ते आपण. ‘आलीच नाही’चं तसं नाही. तिथं चूक पदरात घ्यायलाही जागा नाही.

मावशी सहा-पस्तीसला थांब्यावर असतात म्हणजे असतातच. पलीकडच्या वस्तीतून चालत येतात. त्यांना तीन घरची भांडी आणि चौथ्या घरची पोळीभाजी उरकायची असते. पहिल्या घरी दहा मिनिटं उशीर झाला की चौथ्या घरी तो पाऊण तासाचा होतो, आणि चौथ्या घरच्या बाईंचं ऑफिस लांब आहे. त्यामुळे त्यांच्या ‘आलीच नाही’वर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. कुठल्याही वर्तमानपत्रावर ठेवणार नाही इतका.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. पहिला तास साडेसातचा. भारतीय तर्कशास्त्रातला ‘अभाव’ हा पदार्थ शिकवायची पाळी दरवर्षी येते आणि दरवर्षी मुलांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असतो: जे नाही, त्याला पदार्थ कसं म्हणायचं? पुस्तकातलं उदाहरण घड्याचं असतं. जमिनीवर घडा नाही. आजच्या मुलांनी घडा फारसा पाहिलेलाच नाही, त्यामुळे त्याचं नसणं त्यांना बोचत नाही. गेली दोन वर्षं मी घडा सोडून बस घेतली आहे. थांब्यावर बस नाही. लगेच कळतं.

आमची वसाहत मुंबईला लागून असलेल्या एका शहराच्या टोकाला आहे, स्टेशनपासून साडेतीन किलोमीटरवर. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी फरक पडणार नाही, कारण या पट्ट्यातल्या निम्म्या वसाहतींना ही गोष्ट आपलीच वाटेल. इथं बस सुरू झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. बसला झेंडूच्या माळा, समोरच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चालकाला आणि वाहकाला शाल-श्रीफळ, पेढे. नाक्यावर दोन फ्लेक्स, दोन वेगळ्या पक्षांचे, दोन्हींवर ‘अथक पाठपुराव्याला यश’ हेच शब्द. आमच्या भागात तेव्हा एक पाक्षिक निघायचं, चार पानी. त्यात मागच्या पानावर क्लासच्या आणि पोळीभाजी केंद्रांच्या जाहिराती असत. त्या पाक्षिकानं पहिल्या पानावर बसचा फोटो छापला. फोटोत बसपेक्षा माणसंच जास्त होती, पण तारीख, वेळ, मार्ग, पहिली आणि शेवटची फेरी, सगळं नीट दिलेलं होतं.

बस दर बारा मिनिटांनी होती. मग केव्हातरी वीस मिनिटांनी झाली. केव्हा, ते कुणालाच सांगता येत नाही. एखाद्या माणसाचे केस कधीपासून विरळ झाले, असं विचारण्यासारखं ते आहे. वीसची पस्तीस झाली. मग दुपारच्या फेऱ्या दिसेनाशा झाल्या. मग रविवार गेला. सहा-चाळीसची मात्र कशीबशी टिकून राहिली. आठवड्यातून चारदा आली, तीनदा आली, एखाद्या सोमवारी दोन एकदम पाठोपाठ आल्या. यातल्या कुठल्याच पायरीवर फ्लेक्स लागला नाही. लागेल कसा? ‘अथक दुर्लक्षाला यश’ असं कोण छापून घेणार!

इथं माझा खरा मुद्दा येतो. सार्वजनिक वाहतुकीच्या बाबतीत आपल्याला दोनच गोष्टी बातमी म्हणून ओळखता येतात: सुरू होणं आणि बंद होणं. दोन्हींना तारीख असते. मुंबईच्या इतिहासात अशा तारखा ओळीनं मांडता येतात. ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ला ती विजेवर धावायला लागली. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली तेव्हा ती खच्चून भरलेली होती आणि निरोप द्यायला रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती. अगदी अलीकडे, १५ सप्टेंबर २०२३ला, बेस्टची जुन्या बांधणीची डिझेलवरची शेवटची दुमजली बस धावली. १९३७ पासूनचा तो वारसा, त्यामुळे हार-फुलं आली, कॅमेरे आले, वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकासाठी मोठी माणसं लहान मुलांसारखी भांडली असतील तर मला नवल वाटणार नाही. मीही त्या दिवशी मोबाइलवर फोटो बघत हळवी झाले होते.

हळवं होण्यात गैर काही नाही. पण त्या हळवेपणात एक सोय आहे, हे मला त्या रात्रीच जाणवलं. जे एकदम संपतं त्याचा शोक करता येतो. निरोपाला जाता येतं. जे विरळ होत जातं त्याला निरोप कुठल्या दिवशी द्यायचा? बारा मिनिटांची वीस मिनिटं झाली त्या दिवशी, की विसाची पस्तीस झाली त्या दिवशी? त्या बसनं जाणारी माणसं प्रत्येक टप्प्यावर थोडीथोडी कमी झालेली असतात. कुणी स्कूटर घेतलेली असते, कुणी शेअर रिक्षाकडे वळलेलं असतं. शेवटी गाडी खरोखरच बंद होते तेव्हा हार घालायला कुणी उरलेलं नसतं.

नैयायिकांनी अभावाचे प्रकार पाडले ते मला या थांब्यावर नव्यानं समजले. घडा घडण्याआधी मातीत घडा नसतो, तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे: घडा तयार झाला की तो संपला. घडा फुटल्यावर जे उरतं तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही; तोच घडा पुन्हा होत नाही. वाऱ्यात रंग नाही, हा कायमचा अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव; तो सध्या बाजूला ठेवू. मुंबईच्या ट्रामचा अभाव प्रध्वंसाभाव आहे, त्याची जन्मतारीख ३१ मार्च १९६४. आमच्या रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिलेत, त्यांच्यावर अजून काही नाही, तो प्रागभाव. निदान आम्ही तशी आशा धरून आहोत, कारण प्रागभावाला अंत असतो असं शास्त्रच सांगतं.

पण सहा-चाळीसचं काय? ती नष्ट झालेली नाही. परवाच आली होती. काही जुन्या तार्किकांना याच पेचानं छळलेलं दिसतं. घडा जागेवरून उचलून नेला आणि पुन्हा आणून ठेवला, तर मधल्या वेळातलं त्याचं नसणं कुठल्या खान्यात टाकायचं? त्यांच्यातल्या काहींनी यासाठी जन्मणारा आणि मरणारा असा एक वेगळा अभाव मानला. त्याला सामयिकाभाव म्हणतात. इतरांनी त्याला स्वतंत्र दर्जा द्यायला नकार दिला. या वादात परिवहन खाती कुठल्या बाजूची ते उघड आहे. ‘मार्ग बंद झालेला नाही, फेऱ्या तात्पुरत्या अनियमित आहेत.’ या वाक्यात खोटं काहीच नसतं, हीच त्याची गंमत.

त्याहून मोलाची गोष्ट मीमांसकांकडे आहे. वस्तूचं नसणं आपल्याला कळतं ते कशानं? कुमारिल भट्टांच्या परंपरेनं आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं, सहावं प्रमाण मानलं. मात्र नुसतं न दिसणं पुरत नाही. अंधारात घडा दिसला नाही म्हणजे घडा नाही असं ठरत नाही. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. ‘योग्य’ अनुपलब्धी हवी.

आता थांब्यावर दोन माणसं उभी करा. एक जण पाहुणा आहे, मेव्हण्याकडे आलेला, सहज सिगारेट ओढायला खाली उतरलेला. दुसऱ्या मावशी. दोघांच्याही डोळ्यांसमोर तोच रिकामा रस्ता आहे. पण पाहुण्याला बस दिसत नाही, एवढंच. बसचं नसणं मावशींना दिसतं. कारण सहा-चाळीसला तिथं काय असायला हवं ते त्यांना ठाऊक आहे. वार्ताहर गाडीतून येऊन, फोटो काढून, गाडीतून परत जातो तेव्हा त्याला पाहुण्याचा रस्ता दिसलेला असतो. यात त्याची हुशारी कमी पडते असं मुळीच नाही. नसलेल्या गोष्टीची बातमी करायला वाट पाहिलेली असावी लागते, आणि वाट पाहायला पगार मिळत नाही.

मराठीत ‘थांबा’ हा शब्द नाम म्हणूनही चालतो आणि आज्ञा म्हणूनही. तीही आदरार्थी.

बातमीला आपण वार्ता म्हणतो, वृत्त म्हणतो. या शब्दांचं मूळ ‘वृत्’ या धातूत आहे. वळणं, फिरणं, चालू असणं. वर्तुळ त्यातलंच. बसच्या खेपेला आपण फेरी म्हणतो तेही काही फार लांबचं नातं नव्हे. कौटिल्यानं चार विद्या सांगितल्या त्यात वार्ता ही एक आहे, आणि तिचा अर्थ बातमी असा नाही. शेती, गुरं पाळणं आणि व्यापार म्हणजे वार्ता. पोटापाण्याचं शास्त्र. हा अर्थ पुढं कसा सरकत गेला ते भाषेचे अभ्यासक सांगतील, पण मला वाटतं आमच्या मावशी अजून कौटिल्याच्याच अर्थानं वार्ता विचारतात. “काय बातमी, ताई?” म्हणजे मंत्रिमंडळात कोण आलं असं त्यांना विचारायचं नसतं. पाणी किती वाजता येणार, रेशनला तांदूळ आलाय का, आणि गाडीचं काय झालं.

महाभारतातल्या वनपर्वात यक्ष तळ्याकाठी युधिष्ठिराला अडवतो आणि प्रश्नांची सरबत्ती करतो. शेवटच्या प्रश्नांत दोन असे आहेत की ते आमच्या थांब्यावर रोज विचारले जातात: मार्ग कोणता, आणि वार्ता काय? चार भाऊ निपचित पडलेत, घसा कोरडा आहे, आणि विचारतो काय, तर बातमी! युधिष्ठिरानं दिलेलं उत्तर थक्क करणारं आहे. कुठला राजा पडला, कुठं अग्निहोत्र मोडलं, असं काही तो सांगत नाही. तो म्हणतो की काळ प्राण्यांना मोहाच्या कढईत रांधतो आहे. सूर्य त्याचा अग्नी, दिवस-रात्र त्याचं सरपण, महिने आणि ऋतू त्याची पळी. वार्ता असेल तर ही. म्हणजे जी गोष्ट रोज चालू आहे, जिला तारीख नाही, जी कुणी मथळ्यात घालणार नाही, तीच खरी बातमी आहे, असं तो धर्मराज संपादक म्हणून ठरवतो. आजच्या कुठल्याही न्यूजरूममध्ये त्याला पहिल्याच आठवड्यात काढून टाकतील.

मार्गाविषयीचं त्याचं उत्तर अधिक प्रसिद्ध आहे: महाजन ज्या वाटेनं गेले ती वाट. यातला ‘महाजन’ कोण यावर जाणकारांत दोन मतं आहेत. थोर पुरुष, की बहुत जन? बसच्या दृष्टीनं हा प्रश्न पंडिती नाही. बहुत जन ज्या वाटेनं जातात तिथं बसमार्ग हवा, हा एक अर्थ. थोर लोक ज्या वाटेनं जातात तिथं रस्ता हवा, हा दुसरा. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला तेव्हा मिनिटं किती वाचली याच्या बातम्या आठवडाभर येत होत्या. वाचली, चांगलंच झालं. मोटारीची वाचलेली दहा मिनिटं मोजायला घड्याळं असतात. मावशींची गेलेली चाळीस मिनिटं कुणाच्या घड्याळात पडत नाहीत.

मिनिटांवरून आठवलं. याचं एक गणित आहे आणि ते सोपं आहे, तरी मला समजायला पन्नाशी उलटावी लागली. तासाला तीन गाड्या आहेत असं धरा. वीस-वीस मिनिटांनी नेमानं आल्या तर केव्हाही थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल. आता त्याच तीन गाड्या पाच मिनिटं, पाच मिनिटं आणि मग पन्नास मिनिटं अशा अंतरानं आल्या तर? कागदावर तासाला तीनच. पण थांब्यावर येणारा माणूस साठातल्या पन्नास मिनिटांच्या मोठ्या खड्ड्यात पडण्याची शक्यताच जास्त. हिशेब केला तर सरासरी वाट पाहणं सव्वाएकवीस मिनिटांवर जातं, दुपटीहून अधिक. एकही फेरी रद्द न करता प्रवाशाचा वेळ दुप्पट खाता येतो. अहवालात फेऱ्या मोजतात. थांब्यावर फेऱ्यांमधली अंतरं मोजली जातात.

हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७२ साली याच्याशी जोडलेली गोष्ट दाखवून दिली. प्रवासी वाढले की गाड्या वाढवता येतात, गाड्या वाढल्या की प्रत्येकाचं थांबणं घटतं, म्हणजे नवा प्रवासी जुन्याच्या वाटेत येत नाही, उलट त्याचा फायदाच करतो. रस्त्यावरच्या मोटारींचं नेमकं उलटं असतं. मोहरिंगनं चढता जिना दाखवला. आम्ही उतरताना त्याच पायऱ्या मोजतो आहोत. गाड्या कमी, म्हणून थांबणं जास्त, म्हणून माणसं कमी, म्हणून उत्पन्न कमी, म्हणून गाड्या आणखी कमी. या गोलाला कुणी खलनायक लागत नाही, हे त्याचं सगळ्यांत त्रासदायक वैशिष्ट्य.

भाडं ही मात्र बातमी असते, कारण त्याला आकडा आणि तारीख दोन्ही आहेत. जुलै २०१९ मध्ये बेस्टनं किमान भाडं पाच रुपये केलं, मे २०२५ मध्ये ते दहा झालं. दोन्ही वेळा सगळीकडे ठळक मथळे. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. मावशींना गावी जायला ते फार उपयोगी पडलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. स्वस्त तिकिटाचं स्वागत आहेच. पण न आलेल्या गाडीचं तिकीट किती, हा प्रश्न कुठल्या दरपत्रकात बसत नाही.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून बरंच आत. तिथं बातमी आणि बस या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मोठं होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी मुक्कामी गाडी यायची. चालक-वाहक देवळाच्या पडवीत झोपायचे, पहाटे गाडी परत निघायची. सकाळी तालुक्याहून येणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या टपावर पाट्या, फणस, कुणाची तरी पत्र्याची ट्रंक, आणि केबिनमध्ये चालकाच्या मागं वर्तमानपत्रांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा. वाहक तो गठ्ठा दुकानाच्या ओट्यावर टाकायचा आणि टाकता टाकता तीन वाक्यांत तालुक्याची हालहवाल सांगायचा. छापील बातमी दहाच्या पुढं उघडायची. तोवर वाहकाची बातमी सगळ्या वाड्यांमधून फिरून आलेली असायची. कोण दवाखान्यात आहे, कुणाचा निकाल लागला, कुठल्या वळणावर माती खाली आली. आजोबा म्हणायचे, पेपरातली बातमी मुंबईची, कंडक्टरची बातमी आपली.

एका श्रावणात घाटात दरड आली आणि तीन दिवस गाडी आली नाही. अर्थात पेपरही आला नाही. गाडी बंद असल्याची बातमी ज्या पेपरात छापून आली असेल तो पेपरच त्या गाडीतून यायचा होता. आजोबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. “पेपर नाही आला म्हणजे घाट बंद आहे,” ते म्हणाले. तेव्हा ते मला म्हातारपणचं बोलणं वाटलं होतं. पुढं कुमारिल भट्टांच्या परंपरेतले ग्रंथ वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ त्या ओट्याचा विचार करत बसले.

२०२१च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. संप सुरू झाल्याची तारीख आहे, मिटल्याची आहे. त्या दरम्यान गावागावांत मोबाइल पोचलेला होता, त्यामुळे बातमीवाचून कुणाचं अडलं नाही. शाळेवाचून मुलींचं अडलं. बस आणि बातमी यांची गाठ सुटली ती अशी.

आमच्या वसाहतीतही एकेकाळी ती गाठ होती. नाक्यावर मित्रमंडळाचा काळा फळा असायचा. सुवाच्य अक्षर असलेला एक मुलगा रोज त्यावर लिहायचा: कुणाचं निधन, कधी पाणी बंद, कुठं रक्तदान, आणि पावसाळ्यात कोपऱ्यात ‘बस सध्या जुन्या पुलाकडून’. खडूचं लेखन दुसऱ्या दिवशी पुसावं लागतं, त्यामुळे त्याला तारीख आपोआप असते. आता तिथं ॲल्युमिनियमची चौकट आहे आणि तिच्यात नेत्याचं छायाचित्र. ते बदलत नाही. पाक्षिक बंद झालं. दैनिकांच्या शहर पुरवण्यांत आमच्या शहराच्या वाट्याला एक पान येतं, कधी अर्धं, त्यात मेट्रोच्या खर्चाचे कोटी आणि खड्ड्यांचे फोटो. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर बातम्यांचा तोटा नाही, पण तिथल्या बातम्यांना तारीख नसते. ‘उद्यापासून आपल्या भागातील बस कायमची बंद, जास्तीत जास्त पुढे पाठवा’ हा निरोप मी चार वर्षांत तीनदा वाचलाय. उद्या कुठला ते कुणी विचारत नाही.

नगरसेवक हा या सगळ्यात बातमीदाराचंच काम करायचा, हे तो नसताना कळलं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं तिथं प्रशासकाचा कारभार होता. राज्यातल्या इतर अनेक शहरांतही कमीअधिक हेच. श्रेयाचे फ्लेक्स लावणारा गेला म्हणून आम्ही आधी सुटकेचा श्वास टाकला. मग लक्षात आलं की ज्याला सकाळी दूध आणायला जाताना गाठून “अहो, दुपारची बस दिसत नाही हल्ली” म्हणता येईल, असा माणूसच उरला नाही. तो काही करायचा असं नाही. पण त्याच्या कानावर गेलं की ती गोष्ट परिवहन समितीत कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणायचं, इतिवृत्तात एक ओळ यायची, आणि त्या ओळीला तारीख असायची.

मेट्रोच्या खांबांसाठी थांबा तीनशे पावलं पुढं सरकवला, ‘तात्पुरता’. जुन्या जागेवर पिंपळाची सावली होती, तिथं बसायला दगडी कठडा होता. नव्या जागेवर लोखंडी खांब आणि त्यावर पाटी. पिंपळाखाली माणसं एकमेकांकडे तोंड करून बसायची. इथं सगळे एका रांगेत, एकाच दिशेला बघत उभे राहतात. गप्पा कमी झाल्या. मला आधी वाटलं की लोकच बदलले. मग एका रविवारी जुन्या कठड्यावर सहज बसले तर पाच मिनिटांत शेजारी दोघी येऊन टेकल्या आणि एकीच्या सुनेची बातमी सुरू झाली.

मेट्रोवर माझा राग नाही. येईल तेव्हा मीही तिच्यातून जाईन, गार हवेत, खिडकीतून आमची वसाहत पहिल्यांदा वरून बघत. मावशी जाणार नाहीत. त्यांचं जायचं ठिकाण दोन थांब्यांवर आहे, आणि दोन थांब्यांसाठी एवढे जिने चढायचे आणि उतरायचे हा हिशेब त्यांनी आत्तापासूनच करून ठेवलाय.

समोरच्या इमारतीत एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे दुखतात म्हणून गॅलरीत बसलेले असतात. गॅलरीतून थांबा दिसतो. त्यांच्याकडे लांबट हिशेबाच्या वह्या आहेत आणि त्यात ते रोज बस लिहितात. तारीख, अपेक्षित वेळ, आलेली वेळ. न आल्यास आडवी रेघ. कशासाठी लिहिता असं मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बॅलन्स टॅली व्हायला नको का?” एका संध्याकाळी चहाला बोलावून त्यांनी मला वह्या दाखवल्या. पहिल्या वहीत वेळाच वेळा, दाट, निळ्या शाईत. मधल्या वहीत रेघा तुरळक, मग पानागणिक एखादी, मग दोन. पाच-सहा वर्षांची पानं पटापट उलटली की ते विरळ होणं डोळ्यांसमोर होतं. मी आयुष्यात अभावाचं याहून चांगलं भाष्य वाचलेलं नाही. काकांना मात्र त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही दिसत नव्हतं. त्यांना दुपारच्या दोन-वीसची काळजी होती, कारण त्या गाडीनं ते पूर्वी वाचनालयात जात.

गेल्या महिन्यात थांब्याच्या खांबावर एक कागद चिकटवलेला दिसला. टंकलिखित, खाली गोल शिक्का. ‘प्रवाशांच्या माहितीसाठी: दि.        पासून दुपारच्या सत्रातील फेऱ्या पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात येत आहेत.’ तारखेची जागा कोरी होती. टंकणारा विसरला असेल, किंवा सही होईल तेव्हा घालू म्हणून कुणी सोडली असेल. दोन दिवस कागद तसाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा काका काठी टेकत खाली आलेले होते, वही काखेत, चष्मा कपाळावर. त्यांनी वही उघडून बोटानं एक ओळ शोधली, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या जागेत तारीख घातली. एक वर्ष आठ महिन्यांपूर्वीची.

“काय लिहिलं हो, काका?” मावशींनी विचारलं.

“दोन-वीसची शेवटची कधी आली ते.”

मावशी कागदाजवळ गेल्या. त्यांना अक्षरं लावून वाचता येतात, आकडे झटकन येतात. त्यांनी तारीख मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, “मंगळवार होता. माझ्या नातीला घेऊन मी त्याच गाडीनं लसीच्या डोसाला गेलेले.” काकांनी वहीत पाहिलं. मंगळवारच होता.

सहा-चाळीस होऊन गेले होते. कोपऱ्यावरून रिक्षावाला ओरडत होता, “स्टेशन एक सीट, स्टेशन एक सीट.” मावशींनी पर्समधली चिल्लर मोजली, पुन्हा आत टाकली आणि रस्त्याच्या वळणाकडे बघत उभ्या राहिल्या. मी घड्याळ पाहिलं. काकांनी वहीचं आजचं पान काढलं, पण रेघ अजून मारली नाही.